मिग-२१ चौकात बसवायच्या आधी

२६ सप्टेंबर २०२५ ला चंदीगडला मिग-२१ ला हवाई दलाने निरोप दिला. १९६३ पासूनची नोकरी, म्हणजे माणसाच्या हिशोबाने रिटायर होऊन पेन्शनही बरीच वर्षं खाऊन झाली असती. त्यातली शेकडो विमानं आपल्या नाशिकशेजारी ओझरला एचएएलमध्ये तयार झाली. त्यामुळे आता काय होणार हे सांगायला ज्योतिषी नको. नगरपालिका, महानगरपालिका, शिक्षण संस्था, साखर कारखाने, सगळ्यांची पत्रं जाणार. आमच्या चौकात एक मिग द्या, आमच्या कॉलेजच्या गेटवर एक मिग द्या. ठराव होतील, अनावरण होईल, रोषणाई होईल, फोटो आपल्या सगळ्यांच्या मोबाईलवर येतील.

माझा विरोध नाहीये, आधीच सांगतो, नाहीतर कमेंटमध्ये देशद्रोही ठरवायला दोघं-तिघं टपलेलेच आहेत. उलट मी लहानपणापासून या लोखंडाच्या प्रेमात आहे. नगरचा माणूस आहे मी. आमच्याकडे ट्रॅकवर चालणारी वाहनं लष्करी हद्दीत दिसणं म्हणजे इतर गावांत ऊसाचा ट्रॅक्टर दिसण्यासारखं. पण म्हणूनच सांगतो, मिग मागायच्या आधी एकदा रणगाडे बघून या. फराहबागेजवळचं कॅव्हलरी टँक म्युझियम. १९९४ च्या फेब्रुवारीत सुरू झालं. आर्मर्ड कोअर सेंटर अँड स्कूल ही आपल्या रणगाडा दळाची शाळा १९४८ पासून नगरला आहे, त्या शाळेने हे संग्रहालय उभं केलं. राज्य सरकारने नाही, पालिकेने नाही, आपण वर्गणी काढून तर अजिबातच नाही. जिल्ह्याचं नाव अहिल्यानगर झालं, शिर्डी-शिंगणापूरच्या गाड्या रोज शेकड्याने इथून जातात. त्यातल्या किती जणांना माहीत असतं की रस्त्यापासून थोडं आत वळलं तर दोन महायुद्धं आणि आपली स्वतःची युद्धं एका आवारात उभी आहेत?

मागच्या सुट्टीत भाच्याला घेऊन गेलो होतो. सातवीतला पोरगा. तिथं रोल्स रॉइसची चिलखती गाडी आहे. हो, तीच रोल्स रॉइस, राजेमहाराजांची, फक्त वर पोलादी कवच आणि मशीनगनचा बुरूज. मग ब्रिटिशांचे मॅटिल्डा, व्हॅलेंटाईन, चर्चिल. जपान्यांचे हलके रणगाडे, आपल्या डोळ्याला आता खेळण्यासारखे वाटतात. फ्रेंचांचा एएमएक्स-१३, रशियाचा पाण्यात तरंगणारा पीटी-७६, ब्रिटिश सेंच्युरियन, आवडीला बनलेला आपला विजयंता. आणि पाकिस्तानकडून आलेले अमेरिकन पॅटन आणि शॅफी.

पोरगा सगळं हिंडला आणि मग मला विचारतो, "मामा, यात लघवीला कुठे जायचं?"

मी हसलो. पण आमच्या सोबत आमच्या शेजारचे एक काका होते, रणगाडा चालवून रिटायर झालेले, पारनेर तालुक्यातले. ते हसले नाहीत. म्हणाले, बरोबर प्रश्न आहे. आणि मग पुढचा अर्धा तास त्यांनी पोराला जे सांगितलं ते मी इतक्या वर्षांत कुठल्या पाटीवर, कुठल्या भाषणात ऐकलं नव्हतं. आत चार माणसं. चालक पुढे एकटा, झाकण बंद केलं की फटीएवढ्या काचेतून जग बघायचं. बुरुजात तिघं. तोफ डागणारा, गोळा भरणारा आणि वर कमांडर. गोळा भरणाऱ्याने हलत्या गाडीत, वाकून, वीसेक किलोचं धूड उचलून तोफेत सारायचं, आणि तोफ मागे धक्का देते तेव्हा हाताचं कोपर वाटेत येऊ द्यायचं नाही. मे महिन्यात उन्हात उभ्या पत्र्याला हात लावून बघा म्हणाले, आणि मग कल्पना करा की आतून इंजिनपण तापलंय. लघवीचं काय? रिकामं झालेलं पितळी काडतूस असतं ना, ते कामाला यायचं. पोरगा त्या रणगाड्याकडे आता वेगळ्या नजरेने बघायला लागला. तोवर तो नुसता गेममधला टँक होता.

मला त्याच दिवशी कळलं की आपलं नेमकं काय चुकतंय. पॅटनजवळ फोटो काढायला सगळे थांबतात, कारण पॅटन पाडला हे सगळ्यांना माहीत आहे. पण कसा पाडला?

सप्टेंबर १९६५. पंजाबात खेमकरणजवळ असल उत्तर नावाचं गाव. पाकिस्तानकडे अमेरिकेचे नवेकोरे पॅटन, ९० मिलिमीटरची तोफ, त्या काळातला जगातला नावाजलेला रणगाडा. आपल्याकडे सेंच्युरियनची एक रेजिमेंट, आणि सोबत दुसऱ्या महायुद्धातले शर्मन अन् हलके एएमएक्स. समोरासमोर छाती काढून उभं राहिलो असतो तर काय झालं असतं कोण जाणे. आपल्या लोकांनी काय केलं? कालवे फोडून शेतात पाणी सोडलं आणि उसात रणगाडे लपवून घोड्याच्या नालेच्या आकारात वाट बघत बसले. पाणी सोडलेल्या उसाच्या फडात चाळीस-पंचेचाळीस टनांचं धूड घातलं तर काय होतं, हे नगर जिल्ह्यातल्या माणसाला वेगळं सांगायला नको. साधा ट्रॅक्टर रुतला तरी जेसीबी बोलवावा लागतो. पॅटन रुतले आणि बाजूने मारले गेले. ८ ते १० सप्टेंबर, तीन दिवसांत पाकिस्तानचे नव्वदच्या वर रणगाडे गेले असा आपल्या सैन्याचा हिशोब आहे. भिखीविंडजवळ ते इतके ओळीने उभे केले की त्या जागेला पॅटननगर म्हणायला लागले. याच लढाईत ४ ग्रेनेडियर्सच्या अब्दुल हमीदांनी जीपवरच्या रिकॉइललेस तोफेने रणगाडे उडवले आणि तिथंच ते पडले. परमवीरचक्र मिळालं.

हे समजलं की पॅटन "वाईट" रणगाडा होता असंही म्हणवत नाही आणि आपण नुसत्या शौर्याने जिंकलो असंही म्हणवत नाही. डोकं, शेतीची जाण, पाण्याचा वापर आणि शेवटपर्यंत गोळी न झाडता थांबायची शिस्त. शाळेतल्या पोराला हे सांगा, तो भूगोल विसरणार नाही.

आणखी एक जोडी बघण्यासारखी आहे. रशियन पीटी-७६ आणि अमेरिकन शॅफी. १९७१ चं युद्ध ३ डिसेंबरला सुरू झालं असं आपण पाठ केलंय. त्याआधी २१ नोव्हेंबरला पूर्व पाकिस्तानात गरीबपूरला ४५ कॅव्हलरीचे पीटी-७६ आणि पाकिस्तानचे शॅफी धुक्यात एकमेकांना भिडले होते. पीटी-७६ चं कवच पातळ, कारण त्याला पोहायचं असतं. तरी दिवस संपेपर्यंत शॅफींचं स्क्वॉड्रन संपलं होतं. आपले मेजर दलजितसिंग नारंग कमांडरच्या झाकणातून अर्धे बाहेर उभे राहून लढाई चालवत होते, ते तिथं गेले. महावीरचक्र. आता दोन्ही जातीची यंत्रं नगरच्या एकाच आवारात उन्हात शांत उभी आहेत.

आणि सेंच्युरियन. याच्यापाशी मराठी माणसाने जरा जास्त थांबावं असं मला वाटतं. पूना हॉर्स ही रेजिमेंट १८१७ मध्ये पेशव्यांबरोबरच्या तहातून उभी राहिलेली, नावातच पुणं. १९६५ मध्ये सियालकोट भागात तिचे कमांडिंग ऑफिसर होते लेफ्टनंट कर्नल अर्देशिर तारापोर. जन्म मुंबईचा, शाळा पुण्यातली. फिलोराच्या लढाईत जखमी झाले, मागे जायला नकार दिला, १६ सप्टेंबरला आपल्याच रणगाड्यावर गोळा बसून गेले. त्या दिवसांत रेजिमेंटने साठेक रणगाडे नष्ट केले आणि आपले नऊ गमावले, असं त्यांच्या परमवीरचक्राच्या मानपत्रात नोंदवलंय.

सहा वर्षांनी त्याच रेजिमेंटमधला सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल. जन्म पुण्याचा. वय एकवीस. कमिशन मिळून जेमतेम सहा महिने. युद्धाची चाहूल लागली तेव्हा हा मुलगा कुठे होता माहितेय? इथं, नगरला, नव्या अधिकाऱ्यांच्या कोर्सला. इथून रेजिमेंटकडे गेला आणि १६ डिसेंबर १९७१ ला, ढाक्यात शरणागतीच्या कागदावर सह्या होत होत्या त्याच दिवशी, बसंतरच्या लढाईत पेटत्या रणगाड्यातून बाहेर पडायला नकार देऊन लढता लढता गेला. त्याच्या सेंच्युरियनचं नाव फामागुस्ता. तो रणगाडा दुरुस्त करून नगरच्या आर्मर्ड कोअर सेंटरने जपला आहे. मुलगा नगरहून गेला, रणगाडा नगरला आला.

याची पुढची गोष्ट ऐकून तर मला रात्री झोप लागली नव्हती. २००१ मध्ये अरुणचे वडील, निवृत्त ब्रिगेडियर, आपलं जन्मगाव सरगोधा बघायला पाकिस्तानात गेले. लाहोरला ज्यांच्या घरी उतरले ते यजमानही निवृत्त ब्रिगेडियर, नासेर. निघायच्या आदल्या रात्री त्यांनी सांगितलं की बसंतरला समोरच्या रणगाड्यात मी होतो. तुमचा मुलगा माझ्या हातून गेला. ही गोष्ट तिथल्या गवतावर उभं राहून मी भाच्याला सांगितली. तो काहीच बोलला नाही. बाहेर आल्यावर रसवंतीवर थांबलो तेव्हा म्हणाला, "मग ते जेवले का त्यांच्या घरी?" मला उत्तर देता आलं नाही.

आता चौकातला रणगाडा आठवा. गाव कुठलं ते सांगत नाही, तुमच्या डोळ्यासमोर आपोआप एखादं येईल. सिमेंटचा चौथरा, भोवती साखळी, त्यातली अर्धी गायब. तोफेच्या नळीत कबुतरं. नळीला बांधलेला कुणाच्या तरी वाढदिवसाचा फ्लेक्स. पाटीवर रणगाड्याचं नाव नाही, तो कुठे लढला ते नाही, आत कोण बसायचं ते नाही. उद्घाटकाचं नाव मात्र सोनेरी अक्षरात, खाली प्रमुख उपस्थिती, त्याखाली विनीत. पावसाचं पाणी आत साचतं कारण खालची भोकं कुणी उघडी ठेवलेली नसतात. गंज आतून खातो. बाहेरून दर २६ जानेवारीला हिरवा ऑईलपेंट मारला की झालं.

रणगाडा तरी जाड पोलादाचा, तो असा वीस-तीस वर्षं ढकलतो. विमानाचं तसं नसतं. विमान पातळ ॲल्युमिनियमच्या पत्र्याचं, त्याला स्टीलचे रिव्हेट आणि बोल्ट, दोन धातू एकत्र आले आणि दमट हवा लागली की झीज सुरू. पायलटच्या डोक्यावरचं पारदर्शक झाकण उन्हाने पिवळं पडतं, तडकतं. टायर वजनाने बसतात, म्हणून खाली घोड्या लावाव्या लागतात. मिग मागणाऱ्यांनी हा खर्च धरलाय का?

विमानांचं कसं करतात ते बघायचं तर गोव्याला जाता तेव्हा बीचवरून दोन तास काढा. दाबोळी विमानतळाजवळ, बोगमाळोच्या रस्त्यावर नौदलाचं विमान संग्रहालय आहे, १९९८ पासून. ज्या दाबोळीच्या धावपट्टीवर आपल्याच हवाई दलाच्या कॅनबेरांनी १८ डिसेंबर १९६१ ला गोवामुक्तीच्या वेळी बॉम्ब टाकले होते, तिच्याजवळच. तिथं सी हॉक आहे, अलिझे आहे, उभं उतरू शकणारं सी हॅरियर आहे. आणि एक भलंथोरलं सुपर कॉन्स्टेलेशन, जे आधी एअर इंडियात प्रवासी नेत होतं, मग हवाई दलात गेलं, मग नौदलात समुद्रावर टेहळणी करत राहिलं. तीन नोकऱ्या केलेलं विमान! खारं वारं चोवीस तास. तरी ती उभी आहेत, कारण नौदलाची माणसं त्यांच्याकडे बघतात.

सी हॉक आणि अलिझे समोर मात्र मला दरवेळी राग येतो. विमानांचा नाही, आपला. ही विमानं १९७१ च्या डिसेंबरात ज्या जहाजावरून उडून कॉक्स बझार आणि चितगावावर गेली ते जहाज कुठेय? आयएनएस विक्रांत. एक बॉयलर तडकलेला असताना, कमी वेगात, बंगालच्या उपसागरात विमानं उडवत राहिलेलं. १९९७ च्या जानेवारीत निवृत्त झालं. मुंबईत संग्रहालय म्हणून उभं होतं, आपल्यातले कितीतरी जण नौदल सप्ताहात रांग लावून बघून आले असतील. २०१२ ला ते बंद झालं. राज्याने खर्च झेपत नाही म्हणून सांगितलं. २०१४ मध्ये साठेक कोटींना लिलाव झाला, कोर्टकचेऱ्या झाल्या, आणि त्याच वर्षाच्या शेवटी दारूखान्याला त्याचे तुकडे पडायला लागले. पुढे त्या पोलादाचा अंश असलेली मोटारसायकल बाजारात आली, आपण कौतुकाने घेतलीसुद्धा. विमानं गोव्यात आहेत, त्यांची धावपट्टी भंगारात गेली.

बरं, एकदा झालं तर अनुभव म्हणू. विराटचं काय? २०१७ ला निवृत्त. २०१८ च्या नोव्हेंबरात राज्य मंत्रिमंडळाने मंजुरी दिली, सिंधुदुर्गात निवतीजवळ संग्रहालय करायचं, ८५२ कोटींचा प्रकल्प. मथळे छापून आले. २०२० च्या सप्टेंबरात विराट ओढत अलंगला नेली. ३८ कोटी ५४ लाखांना भंगारात. ८५२ कोटींची घोषणा आणि साडेअडतीस कोटींचं भंगार, यावर विधानसभेत किती तास चर्चा झाली ते शोधून सांगा.

एवढ्यात कुणीतरी म्हणेल की विमानवाहू जहाज ठेवणं परवडत नाही. असेल. पण विशाखापट्टणमला २००२ पासून कुरसुरा ही पाणबुडी किनाऱ्यावर ठेवलीय, तिकीट काढून लोक रांगा लावतात. तिच्या समोर २०१७ मध्ये टीयू-१४२ हे अवाढव्य विमान आणून बसवलं. तिथल्या विकास प्राधिकरणाने ते चालवायला घेतलं. इंग्लंडात बोव्हिंग्टनचं रणगाडा संग्रहालय एक धर्मादाय संस्था चालवते, १९४३ ला ट्युनिशियात पकडलेला जर्मन टायगर त्यांनी चालू स्थितीत ठेवलाय आणि तो चालताना बघायला लोक परदेशातून तिकीट काढून येतात. त्यांच्या यूट्यूब चॅनेलवर एकेका रणगाड्याची गोष्ट सांगणारे व्हिडिओ लाखोंनी बघितले जातात. आमचा भाचा बघतो ना, मला ते त्यानेच दाखवलं! नगरला असलेल्या मॅटिल्डाची माहिती आमच्या घरात इंग्लंडमधून आली.

तर माझं म्हणणं एवढंच आहे. ज्या गावाला मिग हवंय त्याने जरूर मागावं. पण ठरावात पहिल्या वर्षाच्या चौथऱ्यासोबत पुढच्या वीस वर्षांच्या देखभालीची तरतूद लिहावी, दरवर्षीच्या अंदाजपत्रकात वेगळं शीर्ष टाकून. वर छप्पर असावं. पाटीवर विमानाचा नंबर, ते कुठल्या स्क्वॉड्रनचं होतं, कुठे बनलं, हे मराठीत असावं, आणि उद्घाटकाचं नाव मागच्या बाजूला गेलं तरी चालेल. ओझरला मिग जोडणारे कामगार आजही नाशिक-निफाडच्या गल्ल्यांत राहतात, त्यांना अनावरणाला पहिल्या रांगेत बसवा. एवढं जमणार नसेल तर ते विमान दुसऱ्या गावाला जाऊ द्या.

आणि आपल्या जिल्ह्यापुरतं एक काम आहे, त्याला कुणाची परवानगी लागत नाही. एकाहत्तरला जो वीस वर्षांचा होता तो आज पंचाहत्तरीच्या आसपास आहे. पासष्टचे तर हातावर मोजण्याइतके उरले असतील. पारनेर, श्रीगोंदा, पाथर्डी, कर्जत, एकही तालुका असा नाही जिथं माजी सैनिक नाहीत. त्यांना संग्रहालयात घेऊन जा, ते ज्या यंत्रावर होते त्याच्यासमोर उभं करा आणि मोबाईल चालू करा. आत गरम किती व्हायचं, जेवायचे काय, भीती कधी वाटली, मेलेल्या दोस्ताचं नाव काय होतं. शिक्षक मंडळी माझ्या यादीत बरीच आहेत म्हणून मुद्दाम लिहितोय, सहल शिर्डीहून परत येताना नगरला दोन तास थांबवा आणि सोबत एक असा आजोबा न्या.

आमचे काका पुढच्या रविवारी परत यायला तयार आहेत. गुडघे दुखतात त्यांचे, गाडीची सोय लागेल. ज्यांना आपली पोरं घेऊन यायचंय त्यांनी खाली लिहा, एका वेळी दहा-बारापेक्षा जास्त नको, कारण त्यांचा आवाज आता फार लांब जात नाही.